सटवाईच्याही आधी

पुण्यातल्या कुठल्याही पेठेत संध्याकाळी एखाद्या दवाखान्यात तासभर बसलात, तर ‘तुमचं बी-ट्वेल्व कमी आहे’ हे वाक्य एकदा तरी कानावर येतंच. मग काचेची इवलीशी कुपी टिचकी मारून फोडली जाते, सिरिंजमध्ये औषध ओढलं जातं, आणि ते लाल असतं. कोकमाच्या आगळासारखं लाल. पेशंट बाही सारण्याच्या गडबडीत असतो, त्यामुळे त्या रंगाकडे कुणाचं लक्ष जात नाही. मी मात्र दर वेळी बघत राहतो. हा रंग वरून घातलेला नाही, तो त्या जीवनसत्त्वाचा स्वतःचा आहे. त्याच्या रेणूच्या ऐन मधोमध कोबाल्ट या धातूचा एक अणू बसलेला असतो, अंगठीच्या कोंदणात खडा बसवावा तसा. निळ्या काचेसाठी आणि निळ्या रंगासाठी आपल्याला ठाऊक असलेला हा धातू इथे मात्र लाल होऊन बसतो. माणसाच्या शरीरात कोबाल्टचं ठाऊक असलेलं काम हे एवढंच.

माझ्या आईची एक मावशी होती. पक्की माळकरी, आषाढीची वारी न चुकवणारी. सत्तरीनंतर तिच्या पायांना मुंग्या यायला लागल्या, मग चालताना तोल जायला लागला, आणि मग ती संशयी झाली. डब्यातली साखर कुणीतरी काढून नेतं, सून आपल्याविषयी शेजारी काहीबाही सांगते, असं दिवसभर चालायचं. घरातल्यांनी ‘वय झालं’ म्हणून सोडून दिलं. पुढे एका तरुण डॉक्टरानं तिचं रक्त तपासलं आणि ती लाल इंजेक्शनं सुरू केली. दोनेक महिन्यांनी ती पुन्हा अंगणात सुनेशेजारी बसून शेंगा फोडायला लागली. साखरेचा विषय तिनं परत काढला नाही.

मी तेव्हा लहान होतो. पण माणसाचा संशय, राग, माया हे सगळं एका लाल थेंबावर हलू शकतं, ही गोष्ट तेव्हापासून माझ्या मनातून गेलेली नाही. मेंदूच्या पेशी आणि मनाचे व्यापार जिथे एकमेकांत मिसळतात, त्या हद्दीवर काम करणाऱ्या शास्त्राला न्यूरोसायकिअ‍ॅट्री म्हणतात. बी-ट्वेल्वच्या अभावानं होणाऱ्या भ्रमाला एका ब्रिटिश डॉक्टरानं १९६० साली नावही देऊन ठेवलं होतं, ‘मेगॅलोब्लास्टिक मॅडनेस’. आणि या हद्दीवरचा एक फार मोठा शोध आपल्या रास्ता पेठेतून, केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्रातून, जगभर गेला. तो एकट्या पुण्याचा नाही. त्यात साउथॅम्प्टन आहे, नॉर्वेतलं बर्गन आहे, ऑक्सफर्ड आहे, म्हैसूर आहे. आणि पुणे जिल्ह्यातली सहा गावं आहेत, ज्यांच्याशिवाय बाकीचे सगळे हातावर हात ठेवून बसले असते.

आधी या रेणूविषयी थोडं सांगायला हवं.

प्रौढ माणसाला दिवसाला साधारण दोन मायक्रोग्रॅम बी-ट्वेल्व लागतं. मिठाचा एक बारीक कण घ्या, त्याचे तीस भाग करा, त्यातला एक भाग. एवढंच. ऐंशी वर्षं जगणाऱ्या माणसाची जन्माची सगळी गरज एकत्र केली, तरी ती चिमूटभर मिठाच्या वजनाइतकीही भरत नाही. पण हा कण कुठलीही वनस्पती बनवू शकत नाही. कुठलाही प्राणी बनवू शकत नाही. सगळ्या सजीव सृष्टीत ही विद्या फक्त जिवाणूंना आणि त्यांच्या काही आदिम भाऊबंदांना येते. गाईम्हशीच्या पोटात रवंथाच्या कप्प्यात हे जिवाणू राहतात, ते हे जीवनसत्त्व तयार करतात, तिथून ते दुधात उतरतं आणि तिथून आपल्या चहात. आपल्या मनाची घडी नीट राहावी म्हणून म्हशीच्या पोटातले जीवजंतू राबत असतात, हे एकदा लक्षात आलं की गोठ्याकडे बघण्याची नजर बदलते.

या रेणूचा नकाशा काढायलाच कित्येक वर्षं लागली. त्याचे लाल स्फटिक १९४८ साली अमेरिकेत आणि इंग्लंडमध्ये जवळपास एकाच वेळी वेगळे करण्यात आले. ऑक्सफर्डच्या डोरोथी हॉजकिन यांनी त्या स्फटिकांवर क्ष-किरण टाकून आतली रचना शोधायला घेतली. रेणू इतका गुंतागुंतीचा, की हातानं गणितं होईनात. तेव्हा कॅलिफोर्नियातल्या केनेथ ट्रूब्लड यांनी लॉस एंजेलिसचा संगणक त्यांच्यासाठी चालवला. आकडे इकडून तिकडे आणि तिकडून इकडे समुद्र ओलांडत राहिले. १९५६ मध्ये रचना पूर्ण झाली, १९६४ मध्ये हॉजकिनना नोबेल मिळालं. या जीवनसत्त्वाच्या नशिबी पहिल्यापासून दोन देशांची माणसं लिहिलेली आहेत, असं मला वाटतं.

त्याच्या जोडीदाराची गोष्ट तर आपल्या मुंबईत सुरू होते. १९२८ साली ल्यूसी विल्स नावाच्या इंग्लिश डॉक्टर मुंबईत आल्या. परळच्या हाफकिन संस्थेतून त्यांचं काम चालायचं. गिरण्यांत काम करणाऱ्या गरीब बायका बाळंतपणात रक्त कमी होऊन दगावत होत्या. विल्सनी त्यांचं खाणं तपासलं, उंदरांवर आणि माकडांवर प्रयोग केले, आणि यीस्टच्या अर्कानं, म्हणजे साहेबाच्या पावावरच्या मार्माइटनं, ते रक्त भरून येतं हे १९३१ मध्ये प्रसिद्ध केलं. त्या अर्कातलं ते अज्ञात द्रव्य पुढे पालकाच्या पानांतून वेगळं काढलं गेलं, १९४१ मध्ये, चार टन पालक निवडून. पान म्हणजे लॅटिनमध्ये फोलियम, म्हणून त्याचं नाव फोलेट. आज सरकारी दवाखान्यात गरोदर बाईला लोहाबरोबर जी गोळी देतात, ती हीच.

फोलेट आणि बी-ट्वेल्व ही जोडगोळी शरीरात कशी काम करते, हे मला वाड्यातल्या पाण्यावरून कळलं. उन्हाळ्यात टँकर आला की आम्ही रांग लावायचो. एकानं हंडा उचलायचा, दुसऱ्याच्या हातात द्यायचा, दुसऱ्यानं तो घरात ओतायचा. फोलेट हा पहिला गडी. त्याच्या हंड्यात असतो एक छोटासा रासायनिक तुकडा, मिथाइल नावाचा. तो तुकडा तो बी-ट्वेल्वच्या हातात देतो. बी-ट्वेल्व तो होमोसिस्टीन नावाच्या द्रव्यावर ओततं आणि त्याचं मेथिओनिन होतं. मेथिओनिनपासून पुढे जे तयार होतं, ते पेशीपेशीत जाऊन कामाला लागतं. मज्जातंतूंवरचं वेष्टण बांधायला, मेंदूतले निरोप वाहणारी द्रव्यं बनवायला, आणि कुठलं जनुक चालू ठेवायचं नि कुठलं बंद, याच्या खुणा करायला ते लागतं. आता मधला गडीच रांगेत नसेल तर? फोलेट भरलेला हंडा घेऊन तसंच ताटकळत उभं राहतं. घर कोरडं राहतं. आणि होमोसिस्टीन रक्तात साचत जातं.

रास्ता पेठेच्या गोष्टीकडे येऊ.

डॉ. चित्तरंजन याज्ञिक हे मधुमेहाचे डॉक्टर. केईएममध्ये त्यांच्यापुढे येणारे पेशंट पाश्चात्त्य पुस्तकात बसत नव्हते. पुस्तकात मधुमेही जाड असतो, वयस्कर असतो. इथे येणारे सडपातळ, चाळिशीच्या आतबाहेरचे. हा प्रश्न त्यांनी कसा दाखवला, त्याचं एक छायाचित्र २००४ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात छापून आलं, आणि मी ते कितीतरी लोकांना दाखवलं आहे. दोन पुरुष शेजारी शेजारी उभे आहेत. एक स्वतः याज्ञिक, दुसरे लंडनचे त्यांचे सहकारी जॉन युडकिन. उंची आणि वजन यांवरून काढायचा निर्देशांक दोघांचा अगदी सारखा, २२.३. पण शरीरातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. दोन मित्रांनी आपापली शरीरं पुरावा म्हणून जगापुढे ठेवली. दोन वेगळ्या देशांतल्या शास्त्रज्ञांची मैत्री याहून सुंदर रीतीनं कुठे छापली गेली असेल, तर मी पाहिलेली नाही.

हा फरक येतो कुठून? तेव्हा साउथॅम्प्टनचे डेव्हिड बार्कर एक वेगळीच गोष्ट सांगत होते. इंग्लंडमधल्या हर्टफर्डशायर परगण्यात १९११ पासून सुईणी आणि आरोग्यसेविका बाळांची वजनं वह्यांत लिहून ठेवत आल्या होत्या. बार्करनी ती जुनी वह्यांची चळत शोधून काढली, त्यातल्या बाळांचं पुढे काय झालं ते तपासलं, आणि १९८९ मध्ये दाखवलं की जन्मताना कमी वजनाची असलेली बाळं मोठेपणी हृदयविकारानं जास्त मरतात. साठाव्या वर्षीच्या आजाराची सुरुवात आईच्या पोटात.

आपल्याकडे पाचवीच्या रात्री पाटावर कोरा कागद आणि लेखणी ठेवतात. सटवाई येते आणि बाळाच्या कपाळावर त्याचं आयुष्य लिहून जाते. बार्करांचं म्हणणं एवढंच होतं, की ती यायच्या आधीच बरंचसं लिहून झालेलं असतं.

मग १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांत एक काम सुरू झालं, पुणे मॅटर्नल न्यूट्रिशन स्टडी. केईएमच्या डॉ. बानू कोयाजींनी सत्तरच्या दशकापासून वढू बुद्रुकच्या परिसरात आरोग्यसेवा उभी केली होती, त्यामुळे खेड्यात उतरून काम करायची रीत त्या रुग्णालयाच्या अंगवळणी पडलेली होती. साउथॅम्प्टनकडून बार्कर आणि कॅरोलिन फॉल आले, पैसे वेलकम ट्रस्ट आणि ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन परिषदेकडून आले. पण काम केलं ते दारोदार फिरणाऱ्या बायकांनी. गावातल्या सुमारे अडीच हजार विवाहित स्त्रियांकडे दर महिन्याला जायचं आणि विचारायचं, ‘पाळी आली का गं?’ हा प्रश्न किती नाजूक आहे ते विचार करून पाहा. सासू ओसरीवर बसलेली, नवरा बैल सोडतोय, आणि बाहेरून आलेली एक बाई हे विचारते. महिन्यामागून महिने, वर्षामागून वर्षं. त्या प्रश्नाला खरं उत्तर मिळालं म्हणून दिवस गेल्याची तारीख नेमकी कळली, म्हणून अठराव्या आणि अठ्ठाविसाव्या आठवड्यात रक्त घेता आलं, म्हणून बाळ जन्मल्यावर बहात्तर तासांच्या आत त्याची लांबी, दंड, डोक्याचा घेर, कातडीखालची चरबी मोजता आली. जगातल्या कुठल्याही प्रयोगशाळेचं यंत्र या विश्वासाच्या जागी बसवता येत नाही.

ही बाळं सरासरी २.७ किलोची निघाली. साउथॅम्प्टनची बाळं ३.५ किलोची. पण सगळंच सारख्या प्रमाणात कमी नव्हतं. पुण्याच्या बाळांचे स्नायू आणि पोटातले अवयव लहान, पण कातडीखालची चरबी मात्र जवळपास शाबूत. बारीक दिसणारी, आतून चरबी राखलेली बाळं. साहेबानं सिद्धान्त आणला होता, पुण्यानं त्यात दुरुस्ती सुचवली. आघारकर संशोधन संस्थेच्या शोभा राव यांनी आयांच्या ताटाचा हिशेब मांडला, तेव्हा आणखी एक गोष्ट दिसली. बाळाचं अंग भरण्याचा संबंध भाकरी किती खाल्ली याच्याशी फारसा नव्हता. पालेभाजी, फळं आणि दूध ज्यांच्या खाण्यात जास्त, त्यांची बाळं मोठी होती.

म्हणजे ताटात काहीतरी बारीकसं कमी पडत होतं. काय, ते नॉर्वेच्या वाटेनं कळलं. होमोसिस्टीन आणि त्याच्या भावंडांची मोजणी करण्यात बर्गन विद्यापीठाचा हात धरणारं तेव्हा क्वचितच कुणी होतं, आणि तिथल्या हेल्गा रेफसुम यांनी याज्ञिकांबरोबर पुण्याच्या २०४ स्त्रीपुरुषांचं रक्त तपासलं. २००१ मध्ये निष्कर्ष आले. सुमारे ७५ टक्के लोकांत बी-ट्वेल्व कमी पडत असल्याच्या रासायनिक खुणा होत्या. चारातले तीन! आणि यातली सगळी माणसं शाकाहारी नव्हती; शाकाहारानं या आकड्याचा थोडाच भाग उलगडत होता. आपण कुणाला मांसाहारी म्हणतो ते आठवा. महिन्यातून एकदा रस्सा, त्यातही घरातल्या बाईच्या वाट्याला एखादी फोड. दूध असतं, पण ते पहाटेच डेअरीच्या कॅनमध्ये जातं. हेरिंग आणि कॉड खाऊन वाढलेल्या बर्गनच्या लोकांसमोर हे आकडे आले तेव्हा त्यांना काय वाटलं असेल, याची मी नेहमी कल्पना करतो.

मग जुन्या नळ्या बाहेर निघाल्या. सहा गावांतल्या गरोदर बायकांचं रक्त उणे सत्तर अंशाच्या शीतपेटीत जपून ठेवलेलं होतं. ते घेतलं तेव्हा बी-ट्वेल्वचा विचार कुणाच्या डोक्यात नव्हता. आता त्याला प्रश्न विचारता आला. दोन तृतीयांश आयांमध्ये बी-ट्वेल्व कमी होतं. फोलेट कमी असलेली आई किती? फक्त एक. भाज्या, डाळी आणि सरकारी गोळ्या यांनी पहिला गडी भरभक्कम उभा केला होता आणि मधला गडी रांगेतच नव्हता. ज्या आयांमध्ये फोलेट जास्त आणि बी-ट्वेल्व कमी, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्सुलिनला दाद न देण्याची खोड सर्वांत जास्त दिसली. हे २००८ साली प्रसिद्ध झालं. ल्यूसी विल्सनी मुंबईत शोधलेल्या गोष्टीचा उरलेला अर्धा भाग ऐंशी वर्षांनी पुण्यात सापडला, असं मी म्हणेन.

आता मेंदूकडे. गर्भ राहिल्यानंतर अठ्ठाविसाव्या दिवसापर्यंत पाठीच्या बाजूची एक पट्टी वळून तिची नळी होते आणि मिटते. हीच नळी पुढे मेंदू आणि मज्जारज्जू बनते. अठ्ठावीस दिवस! त्या बाईला अजून आपल्याला दिवस गेलेत याचा पत्ताही नसतो. नळी नीट मिटली नाही तर बाळ जन्मतः अपंग होतं. फोलेटची गोळी आधीपासून घेतली, तर ज्यांच्या घरी असं एक बाळ होऊन गेलं आहे त्यांच्यातसुद्धा हा धोका ७२ टक्क्यांनी घटतो, हे १९९१ मध्ये ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन परिषदेनं अनेक देशांत मिळून केलेल्या चाचणीतून सिद्ध झालं. पुण्याच्या कौमुदी गोडबोले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढे दाखवलं, की आपल्याकडच्या अशा बाळांच्या आयांत बी-ट्वेल्वच्या कमतरतेच्याच खुणा ठळक आहेत. नळी मिटल्यावरही काम थांबत नाही. मज्जातंतूंवर वेष्टण चढत जातं, विजेच्या तारेवर रबर चढवावं तसं, आणि जितकं ते चांगलं, तितका निरोप वेगानं धावतो. त्या वेष्टणालाही हेच दोन गडी लागतात.

म्हणून पुण्याच्या चमूनं एक धाडसी प्रश्न विचारला. आईच्या पोटात असताना बी-ट्वेल्व कमी पडलं, तर ते नऊ वर्षांच्या मुलाच्या विचारात दिसेल का?

हे मोजायचं कसं, त्याला एक फार देखणा इतिहास आहे. १९४४ मध्ये अमेरिकन सैन्यात एक चाचणी वापरात होती. कागदावर विखुरलेले आकडे आणि इंग्रजी अक्षरं पेन्सिलीनं क्रमानं जोडायची, आणि किती सेकंद लागले ते घड्याळावर बघायचं. लक्ष टिकवणं आणि बदलणं याची ती उत्तम परीक्षा. पुढे एचआयव्हीचा मेंदूवर काय परिणाम होतो, हे जागतिक आरोग्य संघटनेला म्युनिक, बँकॉक, किन्शासा, नैरोबी आणि साओ पाउलो या पाच शहरांत सारख्याच पद्धतीनं तपासायचं होतं. बँकॉकच्या माणसाला ए-बी-सी-डी कशाला येईल? तेव्हा अक्षरं काढून टाकली आणि त्यांच्या जागी रंग आणले. गुलाबी आणि पिवळी वर्तुळं, त्यांत आकडे. सगळ्या जगाचे मनोविकारतज्ज्ञ एका कागदावर यावेत म्हणून कुणीतरी आपली वर्णमाला बाजूला ठेवली, याचं मला खरंच अप्रूप वाटतं.

तोच रंगीत कागद पुणे जिल्ह्यातल्या मुलांपुढे आला. शिवाय आकडे उलटे म्हणण्याची परीक्षा. समोरच्यानं ‘चार, नऊ, दोन’ म्हणायचं, मुलानं ‘दोन, नऊ, चार’. घरी एखाद्या भाच्याबरोबर हा खेळ खेळून बघा. सुलटे आकडे तो पोपटासारखे म्हणतो. उलटे म्हणताना क्षणभर थांबतो, डोळे वर जातात, ओठ पुटपुटतात. त्या क्षणात त्यानं आकडे मनाच्या पाटीवर मांडलेले असतात आणि तो ते शेवटाकडून वाचत असतो. ती पाटी केवढी आहे, हे ही परीक्षा सांगते.

विद्या भाटे आणि सहकाऱ्यांनी दोन टोकं निवडली, गरोदरपणी सर्वांत कमी बी-ट्वेल्व असलेल्या आयांची ४९ मुलं आणि सर्वांत जास्त असलेल्यांची ५९. बुद्ध्यंकात फरक नव्हता, आणि हे सांगणं महत्त्वाचं आहे; कमी बी-ट्वेल्वच्या आयांची मुलं काही मंद नव्हती. पण रंगीत वर्तुळं जोडायला त्यांना वेळ जास्त लागला, आणि उलटे आकडे कमी आठवले. घरची परिस्थिती, आईबापांचं शिक्षण, सगळं हिशेबात धरूनही. नऊ वर्षांपूर्वी आईच्या रक्तात नसलेला तो कण मुलाच्या पेन्सिलीच्या टोकाशी सेकंदांमध्ये दिसत होता.

इथे थांबलो तर मी वाचकाला अर्धंच सांगेन. कॅरोलिन फॉल यांच्याच चमूनं म्हैसूरमध्ये, होल्ड्सवर्थ रुग्णालयात जन्मलेल्या मुलांवर असाच अभ्यास केला. तिथे २०१० मध्ये उलटं निघालं. आईच्या फोलेटचा मुलाच्या बुद्धीशी संबंध दिसला, बी-ट्वेल्वचा दिसला नाही. एकच सहकारी, दोन ठिकाणं, दोन उत्तरं. दोन्ही प्रामाणिकपणे छापली गेली. माझ्या लेखी अशा भागीदारीची खरी किंमत इथे कळते. एकट्या पुण्यानं काम केलं असतं तर आपण आपल्या उत्तराच्या प्रेमात पडलो असतो.

आईच्या पोटातली उपासमार मनावर उमटते, याचे पुरावे इतर ठिकाणांहूनही आले आहेत. १९४४-४५ च्या हिवाळ्यात जर्मन फौजांनी नेदरलँड्सच्या पश्चिम भागाची रसद तोडली. त्या दुष्काळाच्या ऐन भरात ज्यांचा गर्भ राहिला, त्यांच्यात मोठेपणी स्किझोफ्रेनियाचं प्रमाण साधारण दुप्पट होतं. अमेरिकेतले एझ्रा ससर आणि नेदरलँड्सचे हान्स हूक यांनी मिळून ते उलगडलं. चीनमधल्या १९५९-६१ च्या दुष्काळातूनही २००५ मध्ये तशीच गोष्ट पुढे आली. आणि आयुष्याच्या दुसऱ्या टोकाला, ज्यांनी पुण्याचं रक्त तपासलं त्याच हेल्गा रेफसुम ऑक्सफर्डच्या डेव्हिड स्मिथ यांच्याबरोबर विसराळू होत चाललेल्या वृद्धांवर काम करत होत्या. फोलिक आम्ल, बी-ट्वेल्व आणि बी-सिक्स दोन वर्षं दिल्यावर त्यांचा मेंदू आक्रसण्याचा वेग सरासरी ३० टक्क्यांनी मंदावला, आणि ज्यांचं होमोसिस्टीन सर्वांत जास्त होतं त्यांच्यात निम्म्याहून अधिक. हे २०१० मध्ये प्रसिद्ध झालं. माझ्या आईच्या मावशीला हे ठाऊक असायची गरज नव्हती, पण मला ते वाचताना ती शेंगा फोडताना दिसत होती.

एवढ्यावर थांबणं पुण्याच्या लोकांना मान्य नव्हतं. संबंध दिसला म्हणजे कारण सापडलं असं होत नाही. दिलं तर सुधारतं का, हे करून बघावं लागतं. आणि गरोदर झाल्यावर देऊन उपयोग थोडा, कारण ते अठ्ठावीस दिवस निघून गेलेले असतात. म्हणून २०१२ मध्ये ‘प्रिया’ नावाची चाचणी सुरू झाली. १९९३ नंतर त्या सहा गावांत जी बाळं मोजली गेली होती, ती आता सतरा-अठरा वर्षांची मुलंमुली होती. त्यांतल्या ५५७ जणांना चिठ्ठ्या टाकाव्यात तशा पद्धतीनं तीन गटांत वाटलं. एका गटाला रोज दोन मायक्रोग्रॅम बी-ट्वेल्व, दुसऱ्याला त्याबरोबर इतरही सूक्ष्म पोषक द्रव्यं, तिसऱ्याला तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी. त्यांची लग्नं होईपर्यंत, पहिलं मूल होईपर्यंत. मुली सासरी गेल्या, तरी त्यांचा माग सोडला नाही.

त्यांची बाळं दोन-तीन वर्षांची झाल्यावर नाओमी डिसूझा, मनोविकारतज्ज्ञ ऋषिकेश बेहेरे आणि सहकाऱ्यांनी त्यांची तपासणी केली. २०२१ मध्ये त्यांनी लिहिलं, की ज्या आयांनी गर्भ राहण्याआधीपासून नुसतं बी-ट्वेल्व घेतलं, त्यांची मुलं समज आणि भाषा यांत सरस होती. मुलांची संख्या थोडी आहे, त्यामुळे मी या निकालावरून अजून दवंडी पिटणार नाही. पण मिठाच्या कणाचा तिसावा भाग, कित्येक महिने आधीपासून, आणि तिकडे दोन वर्षांच्या पोराच्या तोंडी दोन शब्द जास्त. एवढं जरी खरं ठरलं तरी केवढं आहे ते!

ती तपासणी ज्या मोजपट्टीनं होते, ती अमेरिकेच्या नॅन्सी बेली यांनी घडवलेली आहे. तिच्यात ठोकळे आहेत, चित्रं आहेत, लपवलेल्या वस्तू शोधायच्या आहेत. डोळ्यांसमोर आणून पाहा. एक बुटकं टेबल. आईच्या मांडीवर दोन-अडीच वर्षांची पोरगी. हीच आई सतरा वर्षांची असताना गोळी घ्यायला लागली होती, आणि तिच्याही आधी, ती पोटात असताना, तिच्या आईनं अठराव्या आठवड्यात हात पुढे करून रक्त दिलं होतं. ती आजी आता कदाचित बाहेर बाकावर बसली आहे, पिशवीत नातीसाठी राजगिऱ्याचा लाडू. आत पोरगी एका ठोकळ्यावर दुसरा ठेवते, तिसरा ठेवते. चौथ्याला मनोरा ढासळतो. ती खदखदून हसते आणि पुन्हा पहिल्यापासून रचायला घेते. समोर बसलेल्या ताई काही बोलत नाहीत. मान खाली घालून त्या कोऱ्या कागदावर एक आकडा लिहितात.